सही आणि तारीख

डिचोलीच्या पतसंस्थेत तेवीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासते.
सही नाही? परत.
तारीख खोडलेली? परत.
चेअरमनचा मेहुणा असला तरी
माझी हिरवी शाई कुणाला ओळखत नाही.

आणि एका मंगळवारी, मार्चअखेरच्या घाईत,
मानेपासून कानापर्यंत कुणीतरी चूल पेटवली.
रकाने पोहू लागले.
पंखा पाचावर होता. शिपाई बाबल म्हणाला,
"मॅडम, एसीचा ठराव घ्या की."
मी हसले.
ब्लाउज पाठीला चिकटलेला,
खुर्चीतून उठायची सोय नव्हती.

रात्री तीनला जाग.
मग पदेराचा भोंगा वाजेपर्यंत
छपराच्या वाशांची बेरीज,
जी माझ्या हातून, माझ्या हातून, चुकायची.

सल्ल्यांना काय तोटा!
नणंद म्हणाली, उपाशीपोटी बेलाची पानं खा.
शेजारीण म्हणाली, नजर आहे, नारळ ओवाळून टाक.
मोबाइलवर एक दाढीवाला:
एकवीस दिवसांत तारुण्य परत,
डबा अठराशे रुपये, पोस्टाचा खर्च वेगळा.
नवऱ्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या,
कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या.
बिचारा. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं काही.

मी सगळं मांडून बसले.
कोण म्हणतं? कशावरून?
सांगणाराच विकणारा तर नाही?
एकाही व्हाउचरवर सही नव्हती.

मयेला जाऊन आईला विचारलं.
ती विळीवर नारळ खवत होती.
"कावळा शिवायचा थांबला. सुटले," म्हणाली, एवढंच.
"आणि झोप?"
हात थांबला.
"तुझे बाबा म्हणायचे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.
दोन वर्षं रात्रीची विहिरीवर जाऊन बसायचे मी.
मानेवर पाणी ओतून घ्यायचे."
मी तेव्हा नववीत होते.
मला वाटायचं, आईला चांदणं आवडतं.

गुरुवारी आरोग्य केंद्रात गेले.
सिस्टर एर्मेलिंदा, निवृत्तीला आठ महिने,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
वही उघडून तिने पहिल्यांदा काय विचारावं?
तारीख.
शेवटची पाळी कधी, त्याआधीची कधी,
घाम कधी, राग कधी, रडू कधी.
मग म्हणाली, सलग बारा महिने आली नाही, तर गेली समजायची.
त्यानंतर थेंब जरी दिसला,
चतुर्थी असो, लग्न असो, थांबायचं नाही,
थेट इथे यायचं.
हार्मोनच्या गोळ्या कुणाला मानवतात, कुणाला नाही,
ते तपासून डॉक्टर ठरवतील.
अंगाराही नाही आणि विषही नाही ते.

मी विचारलं,
माझ्या मावशीचा स्तन काढावा लागला होता.
मग मला त्या गोळ्या चालतील?

तिने चष्मा काढला.
"हें म्हाका खबर ना. विचारून सांगतां."

मी बाकावर तशीच बसून राहिले.
इतक्या महिन्यांत
'मला माहीत नाही' म्हणणारं
हे पहिलंच माणूस.

पुढच्या गुरुवारी चिठ्ठी मिळाली.
आधी या तपासण्या, मग बोलू,
तोवर या गोळ्या नकोत, झोपेसाठी हे करून बघा.
खाली डॉक्टरांचं नाव.
सही. तारीख.
मी सवयीने हिरवं पेन काढलं,
मग हसून पर्समध्ये परत टाकलं.

आता त्या बाकावर आम्ही चौघी असतो.
साखळीच्या कुंकळ्येकर बाई, सुकी मासळी विकणारी जुवांव,
आणि एक जण, जी अजून नाव सांगत नाही.
खिडकीची जागा, जिला पेटेल तिची.
भांडणं होतात त्यावरून.

शनिवारी मयेला राहिले.
तीनला उठून मागच्या दारी आले
तर आई आधीच विहिरीवर,
कळशी भरून ठेवलेली.
अमावास्या होती, चांदण्याचा पत्ता नव्हता.
तिने तांब्या बुडवला.
मी केस वर धरून
मान पुढे केली.