माया

भटवाडीची शाळा, पाचवी ब.
शुक्रवारचे शेवटचे दोन तास गणिताचे,
आणि गणित तेव्हा कुणालाच नको असतं,
खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून ब्लाउजवाल्या तिघांकडून पिशवीभर चिंध्या मागून आणल्या:
टू बाय टूचे तुकडे, आस्तर, खणाचा एक काठ,
कुणाच्या तरी लग्नातला मोरपंखी.
साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
दहा सेंटिमीटरचा चौरस केला, तोच साऱ्या वर्गाचा साचा.
कात्र्या चारच, त्यातली एक बोथट.

आधी घड्या घातल्या. अर्धा. अर्ध्याचा अर्धा, पाव.
तन्वेश म्हणाला, बाई, तुकडा लहान होतो
तसतसा जाड होतो.
मी फळ्यावर छेद लिहीत होते, तिथेच थांबले.
विमान डोंगरावरून उतरत होतं,
ते जाईपर्यंत आमच्याकडे तसंही कुणी बोलत नाही.

मग प्रश्न घातला:
दहाचे चार चौरस एका ओळीत जोडले,
पट्टी किती लांब?

चाळीस! भिंतीवरचा नकाशा हलला.

चौतीस, हुमेरा मुकादम म्हणाली.

दहाचा पाढा म्हण, मी म्हटलं.
तिनं म्हटला, शंभरापर्यंत, न चिडता.
आणि धावदोऱ्यानं जोडलेली आपली पट्टी
माझ्या टेबलावर हातानं सपाट केली.

तिच्याजवळ आईची टेप होती, फॉल-पिकोच्या दुकानातली,
पहिले तीन आकडे बोटांनी पुसून गेलेली.
ती पाचावर टोक धरते
आणि शेवटी पाच वजा करते.
हे मी शिकवलेलं नाही.
एकोणचाळीस वजा पाच.

माया सोडावी लागते ना बाई,
दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर.
तीन शिवणी, प्रत्येक शिवण दोन खाते.

मी तीन दुणे सहा केले, मनातल्या मनात,
पहिल्यांदाच केल्यासारखे.

नंतर सगळ्यांच्या पट्ट्या मोजल्या.
चौतीस, साडेतेहतीस, पुन्हा चौतीस.
प्रांजलची अठ्ठावीस; तिनं मायाच फार सोडली होती.
तन्वेशची एकोणचाळीसच्या वर,
तो ती डोक्यावर धरून बाकांमधून फिरला
आणि खिडकीपाशी ती सुटली,
चारही चौरस खाली, धागा तेवढा हातात.

घटक चाचणीचे पेपर कपाटात होते.
प्रश्न सातवा, हुमेरा, चौतीस,
वर माझी लाल फुली, चांगली ठसठशीत.
तिला काही बोलले नाही.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

चिंध्या पिशवीत भरताना तिनंच विचारलं,
बाई, पुस्तकातले चौरस कशानं जोडलेले असतात?

कशानंच नाही, मी म्हटलं.
ते नुसते शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

मग उचलले तर?

घंटा झाली होती.
पाचवी ब दप्तरं घेऊन उताराला लागली,
आणि ती अजून दारात उभी,
टेप बोटाभोवती गुंडाळत.