काठावरची चाचणी

समुद्र मी पाहिलेला नाही.
नव्या पेठेत माझं दुकान, दुरुस्तीचं,
सोल्डरिंगचा धूर, फळीवर मेलेले टेप,
आणि समोर शिवलाल मल्लाव,
उजनीच्या फुगवट्यावर तीन नावा असलेला,
अंगाला सुकटीचा वास.
म्हणाला, चिलवेरीशेठ, असं कायतरी द्या
की मी बुडायलो तरी ते बोललं पायजे.

आत्ता काय आहे, विचारलं.
दुधाच्या पिशवीतून त्यानं मोबाइल काढला, तोंडाला रबर.
मधोमध गेलं की ह्याचा जीव जातो.
परवा वावटळ आली,
बोट ओलं, काच ओली,
इतक्यांदा टेकवलं, वळखच देईना,
मालकाला, बे!

मी काउंटरवर मांडत गेलो.
शिट्टी. आधी ही घे, जाकिटाला बांध,
हिला चार्जिंग नाही, दम लागतो.
(जाकीट आहे का? हाय. कुठं? घरी, खुंटीला.)
मग कॅटलॉगमधलं ते बटण,
दाबलं की थेट उपग्रहाला हाक.
किंमत ऐकून तो हसला, एवढ्यात चौथी नाव येते.
आणि हाक जाते कुठं?
वर. तिथून कुठल्यातरी ऑफिसात.
ऑफिसातून आमच्या काठाला यायला...
पुढचं तो बोलला नाही, पंख्याकडं बघत राहिला.

शेवटी पिवळा हँडसेट, परवाना न लागणारा.
मागच्या मोरीत बादलीत टाकला.
तरंगला.
तरंगतानाच खरखरला.
शिवलालनं बादलीत असं पाहिलं
जसं जाळ्यात काय आलंय ते बघतात.

रविवारी टेंभुर्णीपर्यंत एस.टी., पुढं त्याच्या फटफटीवर.
खोक्यावर पाच किलोमीटर छापलंय,
पण खोकं कधी नावेत बसलेलं नसतं.
तो पाण्यात गेला, मी काठावर,
एकेक टप्प्यावर तो आकडे म्हणत गेला, मी वहीत लिहीत गेलो.
तिसऱ्या किलोमीटरला आवाज फाटला.
मी दगडावर चढलो, जुळला.
त्याला म्हटलं, उभा राहून बोल.
उभा राहिला. सातपर्यंत ऐकू आला.
मग काहीच नाही.

माझा डावा कान लहानपणीच गेलाय.
गिरणीचा भोंगा मात्र दोन्ही कानांनी ऐकलाय,
अख्खं सोलापूर त्यावर उठायचं, डबा बांधायचं.
भोंग्याला एकच यायचं, सांगणं.
ज्या दिवशी अप्पांचा हात सांच्यात गेला
त्या दिवशीही तो वेळेवर वाजला.

हे मी हँडसेट कानाला लावून आठवत होतो.
पाण्यावर नाव दिसत नव्हती.
सात. सात. शिवलाल, सात.
वीस मिनिटांनी तो आला, चेहरा निवांत.
बॅटरी वाचवायला बंद केला होता, म्हणाला.

तेव्हा इमलबाई बोलली,
इतका वेळ जाळं उसवत बसलेली.
ह्याच्यात काय बी दोष नाही, दोष मालकात हाय.
अर्ध्या तासाला मीच विचारणार,
जेवलात का.
उत्तर नाही आलं की मी दुसरी नाव काढणार.
आणि दोन कशाला? तीन द्या.
एक ह्या बाभळीला टांगते,
मी भाकऱ्या थापायला गेले तर
जो कोण हितं असंल तो ऐकंल.

दुकानात बिल केलं.
हँडसेट तीन. जादा बॅटऱ्या तीन.
शिट्ट्या अकरा, पोरं मोजून.
बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलंच असतं,
पाण्याने खराब झाल्यास जबाबदारी नाही.
त्या ओळीवर मी पेन फिरवलं,
दोनदा,
कार्बनच्या खालच्या प्रतीवरही उमटेल असं.