पाचवा दिवस

फत्तेगंजच्या प्रयोगशाळेत जसुभाई
हौदात दूधपावडर कालवतात.
पाण्याखाली बोटभर, न दिसणारा काचेचा ओटा.
विसराळू जातीच्या उंदरांनी तो चार दिवस शोधायचा.

कोलेस्टेरॉलची गोळी कुटून पाजलेला सतरा नंबर
नऊ सेकंदांत पोचला.
नुसतं पाणी प्यायलेला बावीस
काठाकाठानं फिरत राहिला,
शेवटी मीच उचलला, पुसला.

पाचव्या दिवशी ओटा काढून घेतात.
सतरा तिथंच घुटमळतो, जिथं आता काही नाही.
वहीत लिहायचं : स्मरण शाबूत.
बावीसला सगळं पाणी सारखंच.

संध्याकाळी सुरसागरापाशी
माझी स्कूटर मंदावते.
इथं आबा शिर्क्यांचा टायपिंग क्लास होता.
आता मोबाइलची कव्हरं.
मागून हॉर्न.

गोळी तर मी घेतही नाही.