छपराखालची फट

तुमच्या अर्जात एक चौकोन आहे : जात.
पेन टेकवलं, परत उचललं.
काय लिहू सांगा, मिसेस कांगास?
ही राखी, जिच्या पायांत पिसांचे मोजे,
तिची आई फ्रेंच घराण्यातली, काळी,
अंडी घालायची चॉकलेटी.
बाप निळ्या अंड्यांच्या कुळातला,
रस्त्यापलीकडून यायचा, कुंपण न मानता.
दोघांचा हिशेब हिच्या पोटात जुळला
आणि अंडं आलं शेवाळी,
ओढ्यातल्या दगडासारखं.
दुसरीची मान उघडी, आणि ती आपल्या या थंडीत!
तिसरीचं मला माहीत नाही. तिलाही नसावं.

पहिलं खुराडं आर्वोने बांधलं,
खाण बंद पडली त्या वर्षी,
आमच्या जुन्या सौनाच्या वाफेत मुरलेल्या फळ्यांचं.
अजून उन्हात तापलं की भूर्जाच्या धुराचा वास येतो.
जाळी स्वस्तातली लावली, षटकोनी भोकांची,
जी कोंबड्यांना आत ठेवते
पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही.
ऑक्टोबरात मिंक शिरलं, मनगटाएवढं जनावर.
सकाळी सहा जणी ओळीने,
कोणी मांडून ठेवल्यासारख्या.
खाल्लं एकीलाही नव्हतं.
आर्वो काही बोलला नाही.
जाळी उपटली, अर्ध्या इंचाची जाड तारेची आणली,
हातभर खोल पुरली सगळीकडून.
मार्चमध्ये तो गेला.

पुढचा हिवाळा माझ्या एकटीचा.
उणे तीस. सुपीरिअरवरून येणारं वारं
कुलपाच्या भोकातूनसुद्धा शिट्टी घालत होतं.
मी एकूण एक फट बुजवली :
चिंध्या, फोम, त्याचे लोकरी पायमोजे,
दाराला दुहेरी घोंगडी.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
पण आपल्याकडे जानेवारीत उजाडतंच साडेआठला,
आणि त्या दिवशी दार उघडलं तर
आतून भिंतींना बर्फाची लव फुटलेली,
भुसा ओला, डोळ्यांत झोंबणारा मुताचा वास,
कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी.

थंडीने नाही गं, लेम्पी, एल्मा निस्काला म्हणाली,
वय ब्याऐंशी, हातमोजे कधी न घालणारी.
त्यांच्याच श्वासाने. तू तो कोंडलास.
मग तिने वर बोट दाखवलं,
दांडीच्या पुष्कळ वर, छपराच्या अगदी खाली :
इथे काप.
या थंडीत? भोक?
भोक.

करवतीचा पहिला दात आर्वोच्या फळीला लागला
तेव्हा हात थांबला, खोटं कशाला बोलू.
मग भुसा पडला, आणि तो वास.
हातभर लांब, चार बोटं रुंद,
वर तीच बारीक जाळी.
गोल दांडीही काढून टाकली,
सपाट बसवली, रुंद बाजू वर,
म्हणजे रात्री बसताना
पायांची बोटं पोटाखाली राहतात, झाकलेली.
खिळे दोन वाकडे गेले. तसेच आहेत.

त्या रात्री बॅटरी घेऊन गेले
आणि लावलीच नाही.
फटीतून वाफ जात होती, चांदण्यात, सरळ,
अकरा जणींची मिळून एकच.
नाक बधिर होईपर्यंत उभी राहिले.
घरात येऊन त्याच्या खोलीची खिडकी
दोन बोटं उघडली.
मग लावली. तेल महाग आहे.

तर अर्ज परत पाठवतेय, मिसेस कांगास,
शुल्क पाच डॉलर सोबत.
चौकोन तसाच.
मागच्या जत्रेत परीक्षकांनी राखीला उचलून
पंख पसरून पाहिले, पाय मोजले,
'ही नेमकी कोण?' विचारलं,
तेव्हा ती त्यांच्या बाहीवर शिटली.
मी त्याहून चांगलं काही सांगू शकणार नाही.

डब्यात सहा अंडी ठेवलीत, तुमच्यासाठी.
जपून उघडा.
शेवाळी आहे ते जरा पातळ कवचाचं,
शिंपल्यांचा चुरा संपलाय.