अडीच तारे

मंगळवार, दुपारी दोनचा खेळ.
थिएटरात आम्ही नऊ जण, त्यातला एक घोरणारा.
बाहेर डलूथच्या बंदरात एप्रिलचा बर्फ अजून हटून बसलेला
आणि खनिजाचं एक जहाज पुलासमोर
भोंगा देऊन उत्तराची वाट बघत थांबलेलं.

अंधारातच लिहिते मी वहीत. सव्वीस वर्षं झाली.
ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात,
घरी येऊन स्वतःचंच अक्षर लावत बसते:
पहिली वीस मिनिटं छान.
सहा जण एकत्र येईपर्यंतचं भांडण, तेही छान.
पोलादला विनोद जमत नाहीत, म्हणून सगळे त्यालाच दिलेत.
वीजवालीचा झगा उत्तम. वीजवालीला काम नाही.

मग शहर पडायला लागतं.
शेवटच्या चाळीस मिनिटांत शहर पडतंच,
काचेचं, उंच, कुणाच्याच गावासारखं नसलेलं.
मी मोजते. सवय.
अकरा इमारती, दोन पूल, एक आगगाडी.
आगगाडी वाचते, कारण तिच्यात एक मुलगी आहे, बाहुलीसकट.
इमारतींत कोण होतं
ते कॅमेरा विचारत नाही.

त्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय:
सातवा कुठाय?

आमच्या लहानपणी ते सात होते.
कोस्केलांच्या औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी,
करकरत फिरणारा स्टँड. अंक पंचवीस सेंटला.
पैसे मी साठवायचे, निवडायचा अर्विड.
छपाई अशी की रंग रेषेत मावायचा नाही,
सगळ्यांचे ओठ गालावर सरकलेले.

सातव्याचं नाव कानोसा.
उडता यायचं नाही त्याला. ठोसा बेताचाच.
मारामारीच्या पानांवर तो कोपऱ्यात, चौकटीने अर्धा कापलेला.
पण लढाई संपून बाकीचे सहा
वाऱ्यावर झगे सोडून उभे राहिले, की
हा गुडघे टेकायचा
आणि ढिगाऱ्याला कान लावायचा.
खाली कोण जिवंत आहे, ते त्याला ऐकू यायचं.
बास. एवढंच.

वाचकांच्या पत्रांत दर महिन्याला कुणीतरी लिहायचं, याला काढा.
त्रेचाळिसाव्या अंकानंतर काढला.
मारलासुद्धा नाही हो.
चव्वेचाळिसाव्यात तो नुसता नव्हता,
आणि बाकीच्या सहांपैकी एकानेही विचारलं नाही.
अर्विड तो अंक परत करायला गेला.
कोस्केला म्हणाले, वाचलेलं परत घेत नाही.

पुढे एकतीस वर्षं अर्विड कागदाच्या गिरणीत.
यंत्रांनी त्याचे कान खाल्ले.
आता तो टू हार्बर्सला असतो, आणि बुधवारी रात्री
मी माझं परीक्षण त्याला फोनवर ओरडून वाचून दाखवते,
शेजारची मिसेस टोल्फसन भिंत ठोकेपर्यंत.
दर वाक्यानंतर तो विचारतो, काय?
या वेळी दुसऱ्याच परिच्छेदात त्याने मला थांबवलं.
«कानोसा आहे?»
नाही.
«काय?»
नाही रे! सहाच आहेत!
बराच वेळ त्याच्याकडून फक्त श्वास.
मग म्हणाला,
«मग खालच्यांचं काय?»

संपादक हॅल्वरसन म्हणतो, चारशे शब्द, एकही जास्त नको,
आणि हा सातवा कोण, आठवतो कुणाला?
मी वीजवालीचा झगा काढला.
पोलादचे विनोद काढले, संगीतकाराचं कौतुक काढलं,
आणि त्या जागेत अर्विडचा प्रश्न
आहे तसा, नाव न देता, घातला.
तारे अडीच.
दोन पहिल्या वीस मिनिटांचे,
अर्धा त्या बाहुलीचा, ती चांगली शिवली होती.

पाठवलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.
कालव्याच्या तोंडाशी कुठलंसं जहाज
लांब, आखूड, लांब, आखूड.
खिडकी उघडून मी थंडीत उभी राहिले,
पुलाने उत्तर देईपर्यंत.