साठ टक्क्यांचा नकाशा

डुलुथच्या टेकडीवर एप्रिलमध्येही जमीन दगडासारखी असते,
आणि जिथे दगडासारखी नसते तिथे ती दगडच असते.
व्हर्न केटुनेनने हे पहिल्याच दिवशी सांगितलं,
ट्रेलरच्या पायरीवर बूट आपटत.

ट्रेलरमध्ये टेबल एकच.
एका टोकाला आइली, तिचे दोन स्क्रीन,
तिची साठ टक्के झालेली रेखाटनं.
दुसऱ्या टोकाला व्हर्न, त्याचं वेळापत्रक,
त्याचा झाकण हरवलेला थर्मास.
मधे मी.
अग्निशमन केंद्राचा करार एकच होता:
जो नकाशा काढेल तोच भिंत बांधेल.
किंमत ठरली होती.
छप्पर अजून कुणी काढलं नव्हतं.

वरातीमागून घोडे, असं नगरपालिकेत कुणीतरी हसलं.
पण आमचे घोडे वरातीच्या बाजूने पळत होते,
कधी नवरदेवाच्याही पुढे.
तुळईवर किती भार येणार हे ठरायच्या आत
पोलाद मागवावं लागलं.
आइली म्हणाली, "अजून नऊ दिवस दे."
व्हर्न म्हणाला, "सरोवर गोठताना मला विचारत नाही."
मी सहा दिले.
दोघंही रुसले,
तेव्हा वाटलं, आकडा बरोबर असावा.

मग रोलंड गर्नोच्या खोदयंत्राचा दात
चार फुटांवर किंचाळला.
अहवालात खडक अकरा फुटांवर होता.
भोकं पाडली होती पाच,
खडक सहाव्या जागी उभा होता.

अशा वेळी मी पूर्वी पत्र लिहायची.
वीस वर्षं लिहिली.
आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून.
वास्तुविशारदाचं ठेकेदाराला, ठेकेदाराचं मालकाला,
मालकाच्या वकिलाचं सगळ्यांना.
खड्ड्यात पाणी साचायचं, वर बदकं यायची,
आणि पत्रं मात्र अतिशय सभ्य असायची.

आता खापर फोडायला दुसरं डोकंच नव्हतं.
टेबलाभोवती तिघांचीच डोकी,
आणि ती एकाच पगारपत्रकातली.

कुणी बोललं नाही.
आइलीने हेल्मेट उचललं, बाहेर गेली,
मोजा काढून उघडा तळवा खडकावर ठेवून
बराच वेळ उभी राहिली.
परत आली ती गारठून.
सुरुंग लावता येत नव्हता, पलीकडे वृद्धाश्रम.
पाइप सुकवायचा मनोरा तिचा लाडका होता,
तोच तिने पुसला
आणि एकोणीस फूट पश्चिमेला पुन्हा काढला.
"मग माझी सांडपाण्याची नळी?" व्हर्न म्हणाला.
ती त्याने गुरुवारीच पुरली होती.
शुक्रवारी त्यानेच उकरून काढली,
खर्चाचा आकडा मला सोमवारी सांगितला.
आकस्मिक खर्चाच्या डब्यात
त्यानंतर फक्त खडखडाट होता.

कॅप्टन सिक्किलाने एवढंच विचारलं,
"शिडीची गाडी वळेल ना?"
स्क्रीनवर वळत होती.
व्हर्नचा स्क्रीनवर विश्वास नाही,
आइलीचा व्हर्नच्या मानेवर नाही, मान तो सारखी हलवतो.
म्हणून रात्री साडेनऊला, भुरभुर बर्फात,
खडीवर नारिंगी रंगाने भिंती मारल्या,
जागेवर नसलेले खांब म्हणून आम्हीच उभे राहिलो,
आणि खरीखुरी गाडी आणली.
माझ्या पोटापासून वीतभर अंतरावरून
तिचं मागचं चाक गेलं.
वळली.
रोलंडने टाळी वाजवली, मोज्यांतली, आवाज न होणारी.
त्या रात्री आइलीने ती वीत नकाशात लिहिली.

केंद्र उभं आहे.
खडक मागच्या अंगणात आहे तसाच,
उन्हाळ्यात जवान त्यावर बसून सँडविच खातात.
कपडे धुण्याच्या खोलीचं दार मात्र
रॅकवर आपटतं, दर वेळी,
कारण ते मी घाईत मंजूर केलं होतं.
कॅप्टन काही म्हणत नाही.
मी गेले की ते दार एकदा उघडून बघते.
पत्र लिहायचंच म्हटलं,
तर पाकिटावर दोन्ही बाजूंना माझाच पत्ता.