शब्दयोगी

मराठीत ‘त’ चिकटतो
खडकाला कालव चिकटावं तसा —
होडीत, जाळ्यात, दर्यात.
कोयत्यानं फोडलं तरी
अर्धं कवच मागे राहतंच.

इंग्रजीत मात्र, मोंडकर बाई म्हणाल्या,
इन, ऑन, ॲट आधी येऊन उभे राहतात
देवगडच्या लिलावातल्या व्यापाऱ्यांसारखे.
नाऊन मागाहून उतरतं, टोपलीतून.

‘फादर’ नाऊन. ‘गो’ व्हर्ब.
त्याचं ‘वेन्ट’ का होतं
ते बाईंनाही ठाऊक नाही.

बाबा गेल्या गुरुवारी गेलेत.
मी लिहिलं : माय फादर इज इन द सी.

बाईंनी लाल पेन उचललं,
थांबल्या.
मग ‘इन’ खोडलं, ‘द’ही खोडलं,
घाईघाईनं वर ‘ॲट’ लिहिलं
आणि वही मिटून हळूच विचारलं,
वायरलेस लागलो काय गो?